चौकोन क्रमांक दहा

१

माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. मुद्देसूद लिहा, थोडक्यात लिहा, असं पत्रात म्हटलं आहे. मुद्द्यांना आकडे घालते. थोडक्यात लिहिणं मात्र जमणार नाही. बारा वर्षांत मी बावीस वह्या भरल्या, त्यातली एकही थोडक्यात नाही.

माझी खोली विभागाच्या कार्यालयामागे आहे. पूर्वी तिथं मासळीचं शीतगृह होतं. भिंती हातभर जाड, खिडकी एकच. दार लावलं की बंदरावरचा भोंगासुद्धा उशीत तोंड खुपसून वाजवल्यासारखा येतो. आत काचेच्या छत्तीस पेट्या. प्रत्येक पेटीत सालीचा एक तुकडा, पाण्याची तबकडी आणि एक किंवा दोन पाली.

या पाली एकाच बेटावरच्या. लाँचने दीड तासाचं बेट. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. करंगळीएवढ्या, तपकिरी, शेपटीचं टोक पिवळं, दिवसा हिंडणाऱ्या आणि पूर्ण मुक्या. कुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असं ऐकलं की मला हसू येतं. आमच्या पाली कधीच चुकचुकल्या नाहीत. जहाजांतून बेटावर उंदीर उतरले आणि त्यांनी अंडी खाऊन खाऊन पाली संपवत आणल्या, तेव्हाही नाही.

म्हणून बारा वर्षांपूर्वी काही जोड्या इथे आणल्या. मी तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला होते. हिला नीट धुता येतं आणि नीट लिहिता येतं, एवढ्या दोन गुणांवर मला घेतलं. बाकीचं पालींनी शिकवलं. कार्यालयात मला सगळे वहीबाई म्हणतात.

साडेसातला दार उघडायचं. तापमान, हवेतला ओलावा. पाण्याचा फवारा. मोजणी. मग उबवणीचा डबा पाहायचा. त्यात वाटाण्याएवढी अंडी कापसावर ठेवलेली असतात.

त्या मंगळवारी एक अंडं फुटलं होतं. मी पिल्लाला काचेच्या डबीत घेतलं, डबी डोक्यावर धरली आणि खालून पाहिलं. ही आमची पद्धत. पालीच्या गळ्यावर काळे ठिपके असतात आणि दोन पालींचे ठिपके कधी सारखे नसतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. मी ते पाहून वहीत काढते. पिल्लांचा गळा मात्र कोरा असतो. ठिपके दोन महिन्यांनी उमटतात.

या पिल्लाच्या गळ्यावर ठिपके होते. आणि डाव्या मागच्या पायाच्या चौथ्या बोटाचं शेवटचं पेर नव्हतं. जखम नव्हती, रक्त नव्हतं. जुनं, भरून आलेलं, गुळगुळीत टोक होतं. पिल्लाचं वय दोन तास.

मी लिहिलं, "२१४. बोट आखूड. पुन्हा पाहणे."

२

डॉक्टरांना दाखवलं. आमचे डॉक्टर गुरांचे. बदली होऊन पालींकडे आले आणि अजून त्या गोष्टीवर रुसलेले आहेत.

"आईनं चावलं असेल, वहीबाई."

"आई सोळा नंबरच्या पेटीत आहे. अंडं मी स्वतः उचलून डब्यात ठेवलं."

"मग कवचात अडकून तुटलं असेल."

"आणि भरून कधी आलं? कवचातच?"

"असेल एखादं. म्हशीला पाच सडांची पारडी होते, तेव्हा आम्ही काही वही काढून बसत नाही."

"म्हणूनच म्हशी वाचल्या आणि तुम्ही इकडे आलात," मी म्हणाले. ते हसले आणि गेले.

बोट आखूड असणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. पालींना गळ्यात पट्टा बांधता येत नाही. रानातली पाल पुन्हा ओळखू यावी म्हणून पकडलेल्या पालीच्या एखाद्या बोटाचं शेवटचं पेर कापतात. ते पुन्हा येत नाही. कोणतं बोट कुठल्या पालीचं, याची यादी असते. बारा वर्षांपूर्वी बेटाच्या पश्चिम उतारावर सतरा पाली पकडून, अशी खूण करून, मी त्या परत सोडल्या होत्या. नखं कापायच्या बारीक कात्रीने. ती कात्री अजून माझ्या टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेली आहे.

वही क्रमांक दोन काढली. पाचवी ओळ. डावा मागचा पाय, चौथं बोट. शेजारी मी तेव्हा काढलेले गळ्याचे ठिपके: हनुवटीखाली तीन, मग एक आडवी रेघ, रेघेच्या टोकाला तुटका ठिपका.

डबी पुन्हा डोक्यावर धरली. तीन. रेघ. तुटका ठिपका.

मी चष्मा पुसला. मग डबी पुसली. मग वहीचं पानही पुसलं, त्याने काय होणार होतं कोण जाणे.

३

मी धाकट्या भावाकडे राहते. भावजय चांगली आहे, जीभ तेवढी धारेची.

"ताई, स्वयंपाकघरातली पाल दिसली की तुम्ही झाडू घेऊन धावता. आणि ऑफिसातल्या पालीला ड्रॉपरनं पाणी पाजता."

"घरातली पाल जगभर आहे."

"मग आपणही जगभर आहोत. आपल्याला कुणी पाजत नाही ते!"

भाऊ म्हणाला, "ताई, तू जेवत नाहीयेस. काय झालंय?"

काय सांगणार? मी ताटाशी बसून कारणं शोधत होते. ठिपक्यांचं साम्य योगायोगाने येऊ शकतं. बोट जन्मतः आखूड असू शकतं. दोन्ही एकदम येणं कठीण, पण अशक्य नाही. माझी नजर पन्नाशी ओलांडलेली आहे. ही कारणं मी वहीत एकाखाली एक लिहिली, तेव्हा बरी दिसली.

पण दुसरं पिल्लू आठ दिवसांनी निघालं. उजवा पुढचा पाय, दुसरं बोट. यादीतली अकरावी ओळ. गळा तोच. तिसरं त्यानंतर चार दिवसांनी. महिनाअखेर सहा झाली. सहाही यादीतली, सहाही निरनिराळ्या आयांची.

प्रत्येक पिल्लाच्या आधी खोलीत एक बारीक आवाज होत असे. कट्. एकदाच. पहिल्यांदा वाटलं, उबवणीच्या डब्याच्या थर्मोस्टॅटचा खटका. मी दिवसभर थर्मोस्टॅटला कान लावून बसले. त्याचा खटका जाड आहे, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा. हा आवाज पातळ होता, आणि टेबलाच्या खणातून येत होता. सहाव्या वेळी मी खण उघडला. कात्री फडक्यात होती, गाठ तशीच होती.

गाठ सोडून पाहायचं धाडस मला झालं नाही.

४

आता जे लिहायचं ते लिहिते. चौकशीत हे निघेलच, त्यापेक्षा माझ्या हातून निघू दे.

बेटावर दहा चौकोन आखलेले आहेत. दरवर्षी प्रत्येक चौकोनात एक तास स्थिर बसून, दिसलेल्या पाली मोजायच्या. लागोपाठ तीन वर्षं दहाही चौकोनांत शून्य आलं, तर पाल बेटावरून गेली असं धरायचं आणि बेटाचं राखीवपण काढायचं. मग तिथं दगडाची खाण होणार आहे. नकाशा तयार आहे. आमच्या विभागप्रमुख साहेबांच्या केबिनमध्ये लागलेला मी पाहिला. त्यात बेटाचा पश्चिम उतार कोराच दाखवला आहे, जणू तो आधीच पोखरून नेला.

पहिले सहा चौकोन धक्क्याजवळ आहेत. सात ते दहा पश्चिम उतारावर, दीड तास चढून. गेल्याच्या गेल्या वर्षी, पहिल्याच मोजणीला, समुद्र खवळला होता. सहा चौकोनांत शून्य आलं. धक्क्यावरून साहेबांना फोन लावला, तर म्हणाले, "सहात शून्य म्हणजे दहात शून्य. भरून टाका." मी परतीच्या लाँचमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून, उरलेले चार चौकोन भरले.

रकाना रिकामा दिसला की वरून प्रश्न येतात. म्हणून मी त्यात बारकावे घातले. बारकावे घालणं मला जमतं.

चौकोन सात: दगडावर पक्ष्याची विष्ठा, ताजी. शून्य.

चौकोन आठ: झाडाची एक फांदी मोडून सालीला लोंबते. शून्य.

चौकोन नऊ: निळी बादली, कडी नाही. शून्य.

चौकोन दहा: निरीक्षक सपाट दगडावर पूर्ण तास बसून. हालचाल नाही. शून्य.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. खरा होता तो फक्त चौकोन दहामधला सपाट दगड, तो मला बारा वर्षांपूर्वीचा आठवत होता. गेल्या वर्षी समुद्र शांत होता, तरी मी तेच चार रकाने उतरवून काढले.

साहेबांचा मला संताप येतो आणि तो योग्य आहे. पण गेल्या वर्षी मला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी धक्क्यावर बसून चहा प्याले आणि मनात म्हणाले, आता त्या फक्त माझ्याकडेच आहेत. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. हे वाक्य मी बावीस वह्यांत कुठेच लिहिलेलं नाही.

आणि ज्या सतरा पालींना खूण करून मी सोडलं होतं, त्या सगळ्या सात ते दहा याच चौकोनांतल्या.

५

साहेब खोलीत सहसा येत नाहीत, त्यांना वास सोसत नाही. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून आले.

"वहीबाई, यंदाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत हवा. तिसरं शून्य. मग सुटलो."

"कोण सुटलं, साहेब?"

"आपण सगळे. तुमच्या पालीसुद्धा. नवी इमारत होतेय त्यांना, वातानुकूलित. कोनशिलेवर कोपऱ्यात तुमचंही नाव टाकू."

"आणि बेट?"

"अहो, पाली आहेतच की आपल्याकडे! मग त्यांना बेट कशाला लागतं?"

तुमचा फोटो भिंतीवर लावला तर तुम्हाला घर कशाला लागतं? हे मी त्यांना म्हणाले नाही. घरी आल्यावर भांडी घासताना म्हणाले, इतक्या जोरात की भावजयीने नळ बंद केला. साहेबांसमोर मी फक्त एवढंच म्हणाले, "यंदा दहाही चौकोनांत मी स्वतः बसणार आहे."

"बसा की. हौसेला मोल नाही. पण आकडा तोच आला पाहिजे."

"आकडा बेट ठरवेल."

"बेट सही करत नाही," साहेब म्हणाले, आणि पेटी क्रमांक चारवर बोटाने टकटक केली. काचेवर टकटक करू नये अशी पाटी आहे. मीच लिहिलेली, तीन रंगांत.

त्या टकटकीने एरवी पाली सालीमागे पळतात. त्या दिवशी एकही पळाली नाही. छत्तीस पेट्यांतल्या सगळ्या पाली समोरच्या काचेला पोटं लावून उभ्या होत्या, गळे आमच्याकडे करून. साहेबांनी पाहिलं नाही. ते रुमाल झटकत होते.

मी पाहिलं. पुढच्या रांगेत नऊ पिल्लं होती. तोवर नऊ झाली होती.

६

लाँचवाल्याला सगळे मामा म्हणतात, तो माझ्याहून लहान असूनही.

"दहाही करणार, वहीबाई? मग आज रात्री बेटावरच जेवू घाला. ओहोटी काय माझ्या घरची आहे, थांब म्हटलं की थांबायला?"

"तीन वाजेपर्यंत परत येते. सहा चौकोन काल उरकले, आज चारच आहेत."

"गेली दोन वर्षं ज्यांत बसला नाहीत ते?"

मामाला सगळं ठाऊक होतं, मी गुडघ्यावर लिहीत असताना वाऱ्याने पान उडू नये म्हणून त्यानेच कोपरा धरला होता.

सकाळी साडेआठला चढायला लागले. ऊन लख्ख होतं. वारा पश्चिमेचा, चांगला जोराचा. डोक्यावरची हॅट उडू नये म्हणून मी दोरी हनुवटीखाली बांधली.

चौकोन सातमध्ये पोचले. दगडावर पक्ष्याची विष्ठा होती. पांढरी, ओली. बेटावर पक्षी भरपूर आहेत, यात काही नाही. आकाशात मात्र एकही पक्षी नव्हता, आणि मी तासभर बसले तोवर लखलखीत उन्हात ती विष्ठा वाळली नाही. बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं. पाल दिसली नाही.

चौकोन आठ. झाडाची एक फांदी मोडून सालीच्या एका पट्टीला लोंबत होती. वारा जोराचा, फांद्या मोडणारच. फांदीची पानं हिरवी होती. आजच मोडली असेल, असं मी लिहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं. मोडलेल्या जागी लाकूड करडं पडलं होतं. ती जखम निदान दोन पावसाळ्यांची होती.

मी तिथंही तास पूर्ण बसले. पाल नाही. मुंगी नाही. सालीमागे नखाने उकरून पाहिलं, कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. जिथं शून्य लिहिलं होतं, तिथं खरोखरच शून्य होतं, आणि ते निव्वळ पालींपुरतं राहिलं नव्हतं.

चौकोन नऊला जाताना मी स्वतःशी मोठ्याने बोलत होते. बादल्या समुद्रातून वाहून येतात, असं सांगत होते. समुद्र खाली दोनशे हातांवर होता.

बादली चौकोनाच्या मधोमध उभी होती. निळी. कडी नव्हती, कडी अडकवायची भोकंही नव्हती.

मामाने चेष्टा केली असेल का? त्याने माझी वही वाचली असेल, बादली आणून ठेवली असेल? मामा गुडघ्याने अधू आहे, धक्क्याच्या आठ पायऱ्या चढताना तीनदा थांबतो. मी बादलीत डोकावले. महिनाभर बेटावर पाऊस होता. बादलीत पाणी नव्हतं, पान नव्हतं, धूळ नव्हती. बादलीत काय आहे ते मी लिहिलं नव्हतं. जेवढं लिहिलं होतं तेवढंच तिथं होतं.

मी खाली बसले आणि मला रडू आलं. भीतीने नाही. सतरा पाली होत्या. उंदरांना पुरून उरलेल्या. कदाचित त्या पहिल्या वर्षी मी दीड तास चढून आले असते तर त्यातली एखादी मला दिसली असती, पिवळं टोक हलवत. मी चढले नाही. मी लिहिलं. आज मात्र बादलीशेजारी तास पूर्ण बसले; पाल दिसली नाही.

७

चौकोन दहा वळणापलीकडे आहे. मी वळणावरच थांबले.

वारा माझ्या पाठीवर होता, हॅटची दोरी गळ्याला काचत होती. समोर, चौकोनाच्या आत, वारा नव्हता. कडेचं गवत जमिनीला टेकत होतं आणि एका हातावरचं, आतलं गवत सरळ उभं होतं. एक पातं हलत नव्हतं.

मधे तो सपाट दगड आहे. दोन माणसं सहज मावतील एवढा. त्याच्या डाव्या टोकाला कुणीतरी बसलं होतं.

पाठ माझ्याकडे. तपकिरी हॅट, मागे दोरीची गाठ. गुडघ्यावर वही. पाठीचा कणा जरासा डावीकडे कललेला, मी फार वेळ बसले की कलतो तसा. मी हात वर नेऊन स्वतःची हॅट चाचपली. ती डोक्यावरच होती.

निरीक्षक बसलेला असताना त्याच्याशी बोलायचं नाही, असा नियम आहे. नियम मीच घालून दिला आहे. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा. तास संपेल, मग उठेल, असं माझ्या डोक्यात आलं, आणि मग कळलं की तो तास दोन वर्षांपूर्वी सुरू झाला आहे. उठल्याचं मी कुठे लिहिलं होतं?

कट्.

उघड्या रानात, भर उन्हात, तो आवाज खोलीतल्यापेक्षा मोठा वाटला नाही. तेवढाच वाटला. टेबलाच्या खणातून आल्यासारखा.

बसलेल्या बाईने डावा हात वर केला. ती मोजत होती, मी मोजते तशी, अंगठा एकेका बोटाच्या पेरावर ठेवत. करंगळीची तीन. अनामिकेची तीन. मधल्या बोटावर अंगठा एक, दोन असा चढला आणि तिसऱ्या पेराच्या जागी हवेत टेकला. पेर नव्हतं. गुळगुळीत, भरून आलेलं टोक उन्हात चकाकलं. अंगठा पुन्हा करंगळीवर आला. पुन्हा तीन. पुन्हा तीन. पुन्हा दोन, आणि हवा.

सतरा पालींना खूण केली, हे मी वर लिहिलं. वही क्रमांक दोनमधल्या यादीत मात्र ओळी अठरा आहेत. अठरावी पाल मी पकडली, तिची खूण आधीच लिहून टाकली, आणि कात्री लावण्याआधी ती हातातून निसटली. ती खूण कुणालाच दिली गेली नाही. डावा पुढचा पाय, मधलं बोट.

तिची मान वळू लागली. मी पूर्ण पाहिलं नाही. मी वळले. गळ्याचा एक तुकडा दिसला, हनुवटीखालचा. त्यावर काही होतं की नव्हतं हे मी लिहिणार नाही, कारण मी ते नीट पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं लिहायचं नाही एवढं मी आता शिकले आहे.

८

अडीचला धक्क्यावर पोचले. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी लाँच सुरू होऊ दिली नाही. फॉर्म तिथंच, स्थिर जमिनीवर बसून भरला. सात, आठ, नऊ: शून्य. दहा: निरीक्षण झाले नाही. शेरा: मागील दोन वर्षांच्या सात ते दहा या चौकोनांच्या नोंदी मी पाहिल्याशिवाय केल्या. त्या खोट्या आहेत. रद्द कराव्यात. खाली सही, तारीख, वेळ.

दोन वर्षं रद्द झाली, यंदाचं अपुरं. म्हणजे मोजणी पहिल्यापासून, आणि बेट तोवर राखीव. साहेबांनी फॉर्म वाचला तेव्हा त्यांचा रुमाल त्यांच्या हातातून पडला. "वहीबाई, तुम्ही कुणाच्या पोटावर पाय देताय कळतंय का?" असं ते म्हणाले. मी म्हणाले, "कळतंय. करंगळीएवढ्या पोटांवर दोन वर्षं दिला. आता काढला." संध्याकाळी निलंबनाचं पत्र आलं. खोलीची किल्ली डॉक्टरांकडे दिली. पेट्यांच्या सूचना चौदा पानं.

काल डॉक्टरांचा फोन आला. ते मला फोन करणारे नव्हेत.

"वहीबाई, आज एक निघालं. गळा कोरा आहे."

"बोटं?"

"वीस. दोनदा मोजली." मग त्यांनी विचारलं, "खणात एक कात्री आहे ना तुमची? फडक्याची गाठ सुटलीय. मी हात लावलेला नाही."

"लावू नका."

"नाही लावत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब बुधवारी स्वतः जाणार आहेत. दहाही चौकोन एका दिवसात. मामाला सांगितलंय, लाँच धक्क्याला लावायचीसुद्धा नाही. लांबूनच उरकू म्हणतात. फॉर्म आधीच भरून ठेवलाय, मी टेबलावर पाहिला."

"दहासमोर काय लिहिलंय?"

"तुमचंच उतरवलंय. निरीक्षक सपाट दगडावर पूर्ण तास बसून."

नोकरी गेली तर जाऊ दे. खोली गेली याचं दुःख आहे, ते माझं मी पाहीन. हा खुलासा चौकशी अधिकाऱ्यांमार्फत साहेबांच्याही हाती जाईल, म्हणून शेवटचा मुद्दा त्यांच्यासाठी. साहेब, शून्य लिहायचं तर वर चढा, बसा, पाहा आणि मग लिहा. न बसता बसलो असं लिहू नका. मी डाव्या टोकाला बसले आहे. उजवीकडची जागा अजून रिकामी आहे.